डेक्साच्या वीस गोळ्यांचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, ह्या प्रकरणात गोळ्या देणारा मीच आहे. मानेवाड्याकडे माझं मेडिकल आहे (नागपुरात मेडिकल म्हटलं की लोकांना मेडिकल कॉलेज आठवतं, माझं साधं औषधाचं दुकान), बी.फार्म केलंय, काउंटरवर उभं राहून १९ वर्षं झाली, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. इतके दिवस हे लिहिलं नाही कारण घरातलं आहे. पण मागच्या महिन्यात एक पोट्टा दुकानात आला, मोबाईल पुढे केला, "काका हे किट द्या ना, घरी सगळ्यांनाच ताप आहे". पाहतो तर तोच फोटो. २०२१ च्या कोरोना लाटेतला. त्याच हातानी लिहिलेली तीच यादी, कडेला तोच चहाचा डाग. फोटो अजून फिरून राहिला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. तेव्हा ६१ वर्षांचे, एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, वजन ६४ किलो, शुगर १२ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, पण पथ्य जेमतेम. ११ एप्रिल २०२१, रविवार, संध्याकाळी अंगात कणकण आणि १०१ ताप. तेव्हाचं नागपूर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. मार्चमध्ये १५ ते २१ कडक लॉकडाऊन होऊन गेलेलं, त्याचा काही उपयोग झाला असं वाटत नव्हतं, आणि एप्रिलच्या तिसऱ्या चौथ्या आठवड्यात तर जिल्ह्यात दिवसाला सात हजारांवर पेशंट निघत होते. डॉक्टर फोन उचलत नव्हते म्हणण्यापेक्षा उचलू शकत नव्हते. आरटीपीसीआर १२ तारखेला दिली आणि रिपोर्ट आला १६ ला.

मधल्या चार दिवसांतच सगळं घडलं.

पुण्याच्या चुलतभावानं व्हॉट्सॲपवर तो फोटो पाठवला, सोबत "एका मोठ्या डॉक्टरांच्या ग्रुपवरचं आहे, शंभर टक्के". डॉक्टरांचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, पेशंटचं वय वजन काही नाही. आयव्हरमेक्टिन १२ रोज एक पाच दिवस, डॉक्सी १०० सकाळ संध्याकाळ, अझिथ्रो ५००, झिंक, व्हिटॅमिन सी, डी ३ साठ हजारवालं, आणि सगळ्यात खाली जरा लहान अक्षरात, ताप तीन दिवसांत न गेल्यास डेक्सा (डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड) ४ मिग्रॅ दोन वेळा. मोठीआईनं फोन केला, "अरे हे सगळं पाठवून दे बापा, डॉक्टर तर काही भेटून नाही राहिले". मी पाठवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. डेक्साचे दहा दहाचे दोन पत्ते, म्हणजे २० गोळ्या. दोन्ही पत्ते मिळून तर्री पोह्याच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त.

मी का दिलं? डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, घरचे आहेत, नाही कसं म्हणायचं. दुसरी जास्त वाईट, आणि ती तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होती, अगदी औषध कंपन्यांच्या एमआर पोट्ट्यांपासून काही डॉक्टरांपर्यंत: फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना.

१३ तारीख म्हणजे पाडवा. ताप सुरू होऊन तिसरा दिवस. ऑक्सिमीटरवर ९७. त्याच दिवशी डेक्सा सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप गायब. माणूस उठून बसला, भूक लागली, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या उरल्या होत्या त्या तुपासोबत खाल्ल्या, शेजाऱ्यांशी गच्चीवरून बोलले. मोठीआईचा मला फोन, "लागू पडली रे गोळी". मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. स्टेरॉइडनं हेच होतं हे मी कॉलेजात शिकलो होतो, ताप दबतो, भूक लागते, माणसाला उगाच तरतरी वाटते, आतलं दुखणं आहे तिथेच राहतं. पण शिकलेलं वेगळं आणि आपल्या घरातला माणूस हसत बोलताना पाहणं वेगळं.

मग काय झालं तर सगळ्यांचं लक्ष उडालं. आधी दिवसातून सहा वेळा ऑक्सिमीटर लावत होते, ताप गेल्यावर दोन वेळा, मग एकदा. तो पण बसल्या जागी, सहा मिनिटं चालून पाहायचं तर कोणाच्या डोक्यातच नाही. शुगर तर एकदाही पाहिली नाही, ग्लुकोमीटर घरात असून. रात्री पाच पाच वेळा लघवीला उठत होते, घशाला कोरड, माठातलं पाणी संपत होतं, पण एप्रिलचं नागपूर, पारा ४१-४२, तहान लागणारच, सगळ्यांनी ऊन म्हणून सोडून दिलं. त्यात काढा चालू, आलं तुळस दालचिनी आणि भरपूर गूळ. म्हणजे एकीकडे शुगर वर ढकलणारी गोळी दिवसाला ८ मिग्रॅ, दुसरीकडे गुळाचा काढा, आणि मधुमेहाची गोळी मात्र मधले दोन दिवस बंद, कारण "किती गोळ्या खायच्या माणसानं". हे नंतर कळलं.

१८ ला डेक्साचे सहा दिवस झाले. १२ गोळ्या. १९ ला सकाळी दम लागला, ऑक्सिजन ८८. फुप्फुसांचा सीटी स्कोर २५ पैकी १४. शुगर ४८०.

बेड शोधण्याचं सगळं पुराण इथे लिहीत नाही, प्रत्येक घरात एक आहेच. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात २० ला पहाटे मिळाला. रेमडेसिविरचा कोर्स सहा व्हायलचा, पहिल्या दिवशी दोन आणि मग चार दिवस एकेक, आणि शहरात ते मिळत नव्हतं, इतकं नव्हतं की १९ तारखेलाच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं नागपूरला दहा हजार व्हायल द्या असा आदेश सरकारला काढला होता. गंमत म्हणजे (गंमत कसली) ते पण दुसऱ्याच आजारांसाठी शोधलेलं, इबोलावर वापरून पाहिलेलं औषध, आणि डब्ल्यूएचओनं नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे पाच महिने आधी, ॲडमिट पेशंटला हे देऊ नका म्हटलं होतं, कारण तोपर्यंतच्या त्यांच्या मोठ्या ट्रायलमध्ये जीव वाचल्याचं दिसलं नव्हतं. नंतरच्या काळात त्याचा थोडाफार उपयोग काही विशिष्ट पेशंटना दिसला ते वेगळं, पण एका व्हायलसाठी लोकांनी दागिने मोडले ते त्या थोड्याफारसाठी नाही मोडले.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इन्सुलिन सुरू झालं, आणि स्टेरॉइड पण दिलं. हे नीट वाचा कारण इथेच लोकांचा घोळ होतो. दवाखान्यातलं स्टेरॉइड बरोबर होतं. इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल १६ जून २०२० ला आला, डेक्सामेथासोन रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवाल्यांमध्ये २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात गोळी न घेणारे १४ टक्के गेले, घेणारे १७.८. म्हणजे फायदा शून्य, आकडा झुकला तर उलट्याच बाजूला. एकच गोळी, एकच आजार, ८८ ला औषध आणि ९७ ला नाही. फोटोतल्या यादीत ऑक्सिजनचा शब्दसुद्धा नव्हता, "ताप न गेल्यास" होतं. कोणीतरी अर्धी बातमी ऐकून लिहिलेली यादी होती ती. एप्रिलच्या शेवटी केंद्राच्या होम आयसोलेशनच्या सूचना आल्या त्यातसुद्धा सात दिवसांनंतरही ताप खोकला राहिला तर डॉक्टरांना विचारून कमी डोसचं स्टेरॉइड असं होतं. आमच्या यादीत सातचे तीन झाले होते आणि डॉक्टर गळाला होता. ३ मे ला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. गुलेरियांनी टीव्हीवर सांगितलं की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका. मोठेबाबांना डिस्चार्ज मिळाला होता २ मे ला.

१३ मे ला डावा गाल दुखायला लागला. वरची दाढ हलते म्हणाले, आम्ही म्हटलं दाताचं असेल, दातवाले दवाखाने बंद. १५ ला डोळा सुजला, नाकातून काळपट पाणी. ह्या वेळी मात्र मी वेळ घालवला नाही, तोपर्यंत दुकानात चार घरांतून हीच कथा ऐकली होती. एमआरआय, नाकातला नमुना, म्युकर. ज्याला लोक ब्लॅक फंगस म्हणत होते. बुरशी काही काळी नसते, ती रक्ताच्या नळ्यांत घुसून त्या बंद करते, पलीकडचं मांस मरतं आणि ते काळं पडतं. १९ ला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा वरचा जबडा आणि डावा डोळा काढावा लागला. दुसऱ्याच दिवशी, २० मे ला, केंद्रानं राज्यांना सांगितलं की म्युकरला साथरोग कायद्याखाली नोंद करायचा आजार धरा.

मग बुरशीवरचं इंजेक्शन, ॲम्फोटेरिसिन. लायपोसोमल, किलोला ५ मिग्रॅ, ६४ किलोला ३२० मिग्रॅ, व्हायल ५० ची, म्हणजे रोज सहा ते सात. मिळायच्या कधी तीन कधी दोन, जिल्हा प्रशासनाच्या कोट्यातून. मी औषधवाला, गंजीपेठच्या दवाबाजारात प्रत्येक स्टॉकिस्ट मला नावानं ओळखतो आणि माझ्या हातात काही नाही. ज्या दिवशी लायपोसोमल नाही त्या दिवशी साधं ॲम्फो द्यायचे, ते किडनीला जड, क्रिएटिनिन २.४ वर गेलं. मे च्या शेवटी वर्ध्याच्या एका कंपनीत ॲम्फोटेरिसिन बनायला लागलं तेव्हा जरा श्वास घेतला लोकांनी. मोठेबाबा वाचले. टाळूला प्लेट बसवली आहे, ती काढली की बोलणं कळत नाही आणि पाणी नाकातून येतं.

आता प्रश्न, माझ्या डेक्सानं हे केलं का? ऑपरेशन करणाऱ्या मॅडमना मी सरळ विचारलं, "मॅडम, घरी सहा दिवस डेक्सा घेतली होती, मीच दिली होती". त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की शुगर आधीपासून बिघडलेली, कोरोनानं पण शुगर वाढते, दवाखान्यात पण स्टेरॉइड लागलं, ह्यातला कोणता हिस्सा कोणाचा ते मी सांगू शकत नाही. "पण ४८० घेऊन आला तुमचा पेशंट, तिथून आमचं काम सुरू झालं". एवढंच. म्हणून मी असं लिहिणार नाही की १२ गोळ्यांनी डोळा गेला. एका पेशंटवरून असं ठरत नाही, जसं एका पेशंटवरून "लागू पडली" हेही ठरत नाही. पण त्या आठवड्यात घरात एक मीटर होतं आणि ते कोणी लावलं नाही, कारण सगळ्यांना वाटत होतं औषध चालू आहे. मला विचाराल तर किटचं खरं नुकसान हे. गोळी पोटात काय करते ते नंतरचं, आधी ती घरातल्यांना निश्चिंत करते.

बाकीच्या गोळ्यांचं पण सांगतो, कारण लोक डेक्साला शिव्या घालतात आणि आयव्हरमेक्टिनला अजून मान देतात. आयव्हरमेक्टिन वाईट औषध नाही. खरजेवर देतो आम्ही, शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आणि आपल्या इकडे तर त्याची जुनी ओळख, हत्तीरोग आहे ना आपल्या भागात, आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा तीन गोळ्या एकत्र द्यायची पद्धत देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू केली त्यात नागपूर जिल्हा होता. मोठीआईच्या माहेरी उमरेडकडे तर आशाताई समोर उभं राहून गिळायला लावायच्या. म्हणून मोठीआई म्हणायची, "आम्ही खाल्ली ना ती, काही होत नाही तिनं". बरोबर आहे तिचं, हत्तीरोगाच्या एका डोसनं काही होत नाही. पण सुरक्षित आहे आणि कोरोनावर चालते ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि २०२१ मध्ये ती एकच झाली होती.

ती चालते हे आलं कुठून? एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातल्या प्रयोगातून, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर औषध टाकलं आणि ४८ तासांत विषाणू जवळपास संपला. पण भांड्यात जेवढं औषध टाकलं तेवढं रक्तात यायला नेहमीच्या डोसच्या कित्येक पट गोळ्या खाव्या लागतील, आणि तेवढ्या खाल्ल्या तर झोकांड्या, गोंधळलेपण, फिट येणं हे सगळं आहे. वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला हे एका मिनिटात कळतं. गुलाबी बोंडअळी काढून बाटलीत टाकली तर कोणत्याही फवाऱ्यानं मरते. ती बोंडाच्या आत बसली असते, अडचण ती आहे. पुढे इजिप्तमधल्या एका अभ्यासात मृत्यू खूपच कमी झाल्याचं आलं, जगभर गाजला, आणि जुलै २०२१ मध्ये आकड्यांत गडबड सापडली म्हणून तो मागे घेतला गेला. पण तोवर १० मे ला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ च्या वरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन १२ पाच दिवस वाटायचं जाहीर करून झालं होतं. आणि केंद्राच्या सूचनांमध्येसुद्धा ती "देता येईल" मध्ये होती, सप्टेंबर २०२१ मध्ये काढली. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलच्या १३५८ पेशंटवरच्या ट्रायलचा निकाल आला. गोळी घ्या नाहीतर नका घेऊ, दवाखान्यात भरती व्हावं लागण्यात काही फरक नाही.

आणि नुकसान फक्त खाणाऱ्याचं होतं असं पण नाही. माझ्याकडे शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम येतात, त्यांना ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोजची. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ती गोळी सुचवली आणि आठवड्याभरात शहरातून गायब. ज्यांचा दवाखान्याशी संबंध नाही अशांनी पण दहा दहा पत्ते भरून ठेवले. २६ मार्चला सरकारनं ती एच१ मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठी आणि रजिस्टरशिवाय विकायची नाही, पण तोपर्यंत रॅक रिकामे होते. मॅडम एप्रिलमध्ये तीनदा आल्या, मी तीनदा नाही म्हटलं, सांधे सुजलेले दिसत होते हाताचे. आणि ज्यांनी भरून ठेवल्या त्यांना काय मिळालं? रिकव्हरीमध्येच ती तपासली, ॲडमिट पेशंटमध्ये गोळी घेणारे २७ टक्के गेले, न घेणारे २५. जूनमध्ये विषय संपला. वरून अझिथ्रो सोबत दिली की हृदयाच्या ठोक्यांचा धोका वाढतो, आणि आपल्या लोकांनी ईसीजी न काढता दोन्ही सोबत खाल्ल्या.

लोक म्हणतात तेव्हा वेळ कुठे होता, लोक मरत होते, तपासत कोण बसणार. मला पण असंच वाटायचं. पण रिकव्हरी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि डेक्साचं उत्तर जूनमध्ये हातात होतं, साथ चालू असताना, त्याच पेशंटमध्ये. आपल्याकडे पण आयसीएमआरनं प्लाझ्माची (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला भाग पेशंटला द्यायचा) ट्रायल ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंटवर केलीच ना २०२० मध्ये, उत्तर आलं उपयोग नाही. उत्तर होतं, तरी पुढच्या एप्रिलमध्ये प्रत्येक ग्रुपवर "ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट" चालूच होतं आणि पोट्टे रात्री दोनला डोनर शोधत फिरत होते. केंद्राच्या उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढला १७ मे २०२१ ला.

त्या पोट्ट्याला मी किट दिलं नाही. पॅरासिटामोल दिली, घरात शुगरवालं कोणी आहे का विचारलं, आजी आहे म्हणाला, तर आजीला उद्या डॉक्टरकडे ने आणि आजच शुगर पाहा म्हटलं. तो नाराज होऊन गेला, बहुतेक पुढच्या चौकात मिळालं असेल त्याला.

आता हिशोब. २० गोळ्या दिल्या, १२ खाल्ल्या, ८ उरायला पाहिजे. ऑपरेशननंतर मी मोठीआईकडे गेलो, उरलेल्या मागितल्या, फेकून द्यायच्या होत्या. तिनं बिस्किटाचा डबा काढला. दोनच होत्या. बाकीच्या सहा कुठे विचारलं तर म्हणाली, मोठेबाबांचा ताप उतरला तेव्हा बाजूच्या काकूंनाही ताप होता, त्यांना दिल्या, तीन दिवसांच्या. माझ्या पोटात गोळा आला. लगेच बाजूला गेलो. काकू अंगणात सांडगे घालत होत्या, ठणठणीत, शुगर नाही, बीपी नाही, काहीच झालं नव्हतं त्यांना. म्हणाल्या, "तुझ्या त्या गोळीनं एका दिवसात ताप गेला पाहा. मी माझ्या बहिणीला पण नाव लिहून दिलं".